पंचेचाळीस अंशांतलं बटरक्रीम

लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो. २०२४च्या मे अखेरीस तर उन्हापायी जिल्हा प्रशासनाला तिथे कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा मुलखात बटरक्रीमचा केक करायचा म्हटलं, की चवीआधी तो टिकेल का, हाच प्रश्न येतो. वऱ्हाडातल्या बेकऱ्यांनी त्यावर तोडगा केव्हाच काढून ठेवलाय: नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम. गोठवलेला डबा आणायचा, फ्रिजमध्ये सैल होऊ द्यायचा, फेटायचा आणि केकवर थापायचा. वनस्पती तेल, पाणी, साखर आणि स्टॅबिलायझर यांचं हे मिश्रण उभं छान राहतं, रंग उत्तम धरतं, एगलेस असतं आणि स्वस्त पडतं. फक्त खाल्ल्यावर टाळ्याला एक मेणचट थर चिकटून राहतो, आणि साखरेशिवाय दुसरी चव शोधून सापडत नाही.

घरी केक करणाऱ्यांचा दुसरा मार्ग म्हणजे लोणी आणि आयसिंग शुगर एकत्र फेटणं. याला अमेरिकन बटरक्रीम म्हणतात. एक भाग लोण्याला दोन भाग साखर, म्हणजे वजनाच्या दोन तृतीयांश नुसती साखर. शिवाय विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नस्टार्च असतो, तो जिभेला खडूसारखा लागतो. दुसऱ्या घासालाच चहा आठवतो.

मरँगवर बेतलेलं बटरक्रीम या दोन्हींपेक्षा निराळं. अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून आधी घट्ट फेस, म्हणजेच मरँग, करायचा, त्यात लोणी मिसळायचं. इथे साखर जेमतेम छत्तीस टक्के, तीही पूर्ण विरघळलेली. त्यामुळे कचकच नाही आणि पोत रेशमी. हे उन्हाला जादा टिकतं असं मात्र कुणी समजू नये. यात लोण्याचं प्रमाण उलट जास्त असतं, तेव्हा ते वितळायचं तेव्हा वितळणारच. पण वऱ्हाडातल्या स्वयंपाकघरात ते होतच नाही, हा समज खोटा आहे. यात हातखंड्याचा भाग थोडा आणि तापमानाचा फार. चारशे-पाचशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर हाताशी असला, तर निम्मी लढाई जिंकली.

या बटरक्रीमचे दोन प्रकार घरी करण्याजोगे आहेत. स्विस पद्धतीत बलक आणि साखर एकत्र करून वाफेवर गरम करतात आणि मग फेटतात. इटालियन पद्धतीत बलक आधी फेटून त्यात ११५ ते ११८ अंशांचा उकळता पाक धार धरून ओततात. हा पाक म्हणजे आपला गोळीबंद पाक. थंड पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी वळते, तोच. लाडू-वड्या करणाऱ्या बाईला तो ओळखायला थर्मामीटरही लागत नाही. इटालियन मरँग जास्त घट्ट आणि चिवट, म्हणून उन्हाळ्यात ते बरं. पण पाक ओतल्यावर सगळा बलक सुरक्षित तापमानाला पोचलाच, याची खात्री देता येत नाही, आणि फिरत्या पात्यांवर पडलेला पाक कडेला उडून हात भाजतो. पहिल्यांदा करणाऱ्याने स्विसपासूनच सुरुवात करावी. लहान मुलं किंवा गरोदर बाई खाणार असेल, तर नंतरही स्विसच बरं.

प्रमाण वजनावर धरावं. अंडी लहान-मोठी असतात. एका अंड्यातून साधारण ३० ग्रॅम बलक निघतो, गावरान अंड्यातून त्याहून कमी. म्हणून ‘चार अंडी’ असं मोजण्यापेक्षा काट्यावर मोजावं: बलक १२० ग्रॅम, साखर २४० ग्रॅम, लोणी ३०० ग्रॅम. यात एक किलोचा केक आतून-बाहेरून झाकला जातो. अर्ध्या किलोसाठी सगळं निम्मं. जोडीला चिमूटभर मीठ, अर्धा चमचा लिंबाचा रस आणि व्हॅनिला.

साखर आपली नेहमीचीच चालते. फक्त आपल्याकडे दाणा जाड असतो, तो वाफेवर विरघळायला वेळ लावतो. मिक्सरमध्ये दोन-तीन गरके द्यावेत.

लोण्याचा विषय मात्र जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. ब्रेडला लावायचं पिवळं खारं बटर यात घालू नये. त्यातलं मीठ तीनशे ग्रॅमच्या हिशेबाने चांगलंच जाणवतं, आणि वर घातलेल्या रंगामुळे पांढरं बटरक्रीम पिवळसर पडतं. अनसॉल्टेड बटर आता अमरावतीत आणि अकोल्यात केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतं. कायद्याने बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी १६ टक्क्यांच्या आत. या पाण्यालाच इथे महत्त्व आहे.

“घरचं लोणी आहे की, विकतचं कशाला?” असं कुणीतरी म्हणतंच. घरचं लोणी चवीला उजवं, यात वाद नाही. त्यातून ते म्हशीच्या दुधाचं असेल तर दिसायलाही उत्तम. अचलपूरच्या जुन्या नावावरून एलिचपुरी म्हणून ओळखली जाणारी नागपुरी म्हैस ही तर इथलीच जात. म्हशीच्या दुधात कॅरोटीन नसल्यासारखंच, म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र, आणि गाईच्या लोण्यापेक्षा किंचित कडक. बटरक्रीमला हे दोन्ही गुण सोयीचेच. अडचण आहे ती पाण्याची आणि आंबटपणाची. ताक घुसळून काढलेल्या लोण्यात पाणी किती राहिलं याचा नेम नसतो. जास्त राहिलं की मिश्रण एकजीव होत नाही, पाणी सोडतं. वापरायचंच असेल तर विरजण न लावता ताज्या सायीचं लोणी काढावं, बर्फाच्या पाण्यात चार-पाच वेळा धुवावं, धुतलेलं पाणी नितळ दिसेपर्यंत. मग ताटात घेऊन लाकडी उलथन्याने दाबत-मळत पाणी काढून टाकावं. तरीही पहिल्या खेपेला निम्मं घरचं आणि निम्मं विकतचं घेतलेलं बरं. वनस्पती तूप घालण्याचा सल्ला उन्हाळ्यात सर्रास दिला जातो. त्याने क्रीम उभं राहतं हे खरं, पण मग ज्या मेणचटपणापासून पळायचं होतं, तोच मागच्या दाराने घरात येतो.

आता कृती. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्यावं. प्लॅस्टिकचं नको, कारण घासलं तरी त्यात तेलकटपणा राहतो, आणि स्निग्धांशाचा अंश जरी लागला तरी बलक फुगत नाही. लिंबाची फोड भांड्यातून आणि फेटणीवरून फिरवून कोरड्या फडक्याने पुसावं. अंडी थंड असतानाच फोडावीत, पिवळं-पांढरं तेव्हा नीट वेगळं होतं. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून मग भांड्यात ओतावं. चौथ्या अंड्याचा पिवळा फुटला तर आधीचे तीन वाया जात नाहीत.

पातेल्यात दोन बोटं पाणी उकळत ठेवून आच मंद करावी आणि बलक-साखरेचं भांडं त्यावर बसवावं. भांड्याचा तळ पाण्याला लागता कामा नये, काम वाफेने व्हायला हवं. हात थांबवू नये. थांबला की कडेला बलक शिजून पांढऱ्या चिंधड्या दिसू लागतात. पाच-सात मिनिटांत मिश्रण पातळ, गरम आणि वर फेसाळ होतं. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळलं की एकही कण लागत नाही. इथे बरेच जण गॅस बंद करतात, पण साखर विरघळली म्हणजे बलक सुरक्षित झाला असं नव्हे. साल्मोनेलाची भीती घालवायची तर ७१ अंश गाठायला हवेत. साखर सोबत असल्यामुळे या तापमानाला बलक गोठत नाही, म्हणून घाबरू नये.

मग भांडं उतरवून तळ पुसावा, लिंबाचा रस घालावा आणि इलेक्ट्रिक फेटणीने जोरात फेटावं. हातात धरायच्या मशीनला दहा-पंधरा मिनिटं लागतात. यातली बरीच मशीन सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त चालवू नयेत असं त्यांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. मध्ये विसावा द्यावा. फेस पांढरा, चकचकीत आणि टोक ताठ उभं राहील असा झाला, की अर्धं काम झालं. अर्धंच, कारण त्याला अजून थंड व्हायचंय. भांड्याच्या तळाला तळहात लावला तर ऊब अजिबात लागू नये. पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात हे आपोआप होतं. वऱ्हाडात भांडं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून फेटत राहावं, पाणी आत उडणार नाही एवढं बघून. मरँग २४-२५ अंशांवर आल्याशिवाय लोण्याला हात लावू नये.

लोणी तोवर १८ ते २० अंशांवर हवं. बोट दाबलं तर खड्डा पडतो पण बोटाला चकाकी येत नाही, अशा अवस्थेत. पुस्तकांत ‘लोणी तासभर आधी बाहेर काढा’ असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात अकोल्यात तासभर बाहेर ठेवलं तर तेल होईल. फ्रिजमधून काढून पेराएवढे तुकडे करावेत. पाच-दहा मिनिटं पुरतात. मग मध्यम वेगावर एकेक तुकडा घालत जावं, आधीचा मिसळला की पुढचा.

इथे खरी परीक्षा असते, आणि ती धीराची असते. पहिल्या काही तुकड्यांना फुललेलं मरँग खाली बसतं. निम्मं लोणी गेलं की मिश्रण सैल होतं, पुढे अचानक फाटल्यासारखं दिसतं, खाली पाणी आणि वर गुठळ्या. “मायबाई, हे तं पातयच झालं!” म्हणत कितीतरी भांडी याच क्षणी मोरीत रिकामी झाली असतील. प्रत्यक्षात बिघडलेलं काही नसतं. मरँगमधलं पाणी आणि लोण्यातले स्निग्ध कण अजून एकमेकांत सामावलेले नसतात, इतकंच. फेटत राहिलं की दोन-चार मिनिटांत आवाज बदलतो. मशीनची सळसळ जाऊन दाट थपथप ऐकू येते, क्रीम कडा सोडून मधे गोळा होतं आणि एकदम गुळगुळीत दिसतं. मग व्हॅनिला आणि मीठ घालून शेवटची दोन मिनिटं सगळ्यात कमी वेगावर, किंवा लाकडी उलथन्याने भांड्याच्या कडेला दाबत फिरवावं. हवेचे मोठे बुडबुडे जातात, केकवर सुरी फिरवताना भोकं पडत नाहीत.

तरीही जमलं नाही तर थर्मामीटर बुडवून पाहावं. तयार क्रीमला २२-२३ अंश मानवतात. २६-२७ दाखवत असेल आणि मिश्रण बासुंदीसारखं वाहत असेल, तर भांडं पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटावं. १८च्या खाली असेल आणि गुठळ्या मोडत नसतील, तर दोन चमचे क्रीम वाटीत वितळवून परत त्यात ओतावं आणि फेटावं. या दोन उपायांनी जवळपास प्रत्येक भांडं वाचतं. जास्तीचं लोणी किंवा पिठीसाखर ढकलून घट्ट करायला जाऊ नये.

मे महिन्यात अमरावतीत पहाटेही पारा २७-२८च्या खाली उतरतोच असं नाही. एसीची खोली असेल तर प्रश्नच नाही, मशीन उचलून तिथे न्यावं. नसेल तर कूलर आहे, आणि वऱ्हाडात त्याला कमी लेखू नये. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो; हवा जितकी कोरडी तितका तो गार. ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी तो आत येणारी हवा २७-२८ अंशांपर्यंत आणू शकतो. त्या हवेत बर्फाच्या परातीची जोड दिली की काम होतं. गंमत अशी, की जुलैत पारा ३२ वर असतानाही तोच कूलर निकामी ठरतो, कारण हवाच ओली असते. म्हणजे बटरक्रीमच्या दृष्टीने कोरडा मे काही वेळा दमट जुलैपेक्षा सोपा जातो. एक पथ्य पाळावं: कूलरच्या थेट झोतात भांडं ठेवू नये, धूळ आणि ओल दोन्ही येतात.

उन्हाळ्यातल्या क्रीमला आणखी आधार हवा असेल तर लोणी मिसळून झाल्यावर शंभर ग्रॅम व्हाइट चॉकलेट वितळवून, कोमट करून घालावं. मात्र कोको बटर असलेलं खरं चॉकलेट, कंपाउंड नव्हे. फ्रिजमध्ये गेल्यावर कोको बटर कडक होतं आणि केक बाहेर काढल्यावर जरा जास्त वेळ आकार धरतो.

आता तो प्रश्न, जो अमरावतीत केकची ऑर्डर देणारं प्रत्येक दुसरं घर विचारतं: एगलेस आहे ना? विकणाऱ्याने तर इथे काटेकोर असायलाच हवं. अंडं असलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण लागतो. घरच्या पाहुण्यांनाही आधी सांगावं. ‘त्यात कुठे अंडं लागतंय’ असं म्हणून वाढणं बरं नव्हे.

याचा उपाय अकोल्याच्या मातीत सापडतो. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने दाखवून दिलं, की शिजवलेल्या कडधान्याचं पाणी बलकासारखं फेसाळतं. पुढच्या वर्षी गूझ वोल्ट या अमेरिकन सॉफ्टवेअर अभियंत्याने काबुली चण्याचं पाणी आणि साखर एवढ्यावरच मरँग जमवलं आणि त्या पाण्याला ‘अक्वाफाबा’ हे नाव दिलं. परदेशात ते डबाबंद चण्यांतून ओततात. आपल्याकडे डब्याची गरज काय? १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काबुली हरभऱ्याचे ‘पीकेव्ही काबुली-२’, म्हणजे शेतकऱ्यांचा ‘काक-२’, आणि टपोऱ्या दाण्याचा ‘पीकेव्ही काबुली-४’ असे वाण दिले आहेत. छोले होतातच, त्यांचं पाणी मात्र मोरीत जातं.

वाटीभर काबुली चणे रात्रभर भिजवावेत आणि ते पाणी टाकून द्यावं. ताज्या पाण्यात, चण्यांच्या वर दोन बोटं राहील इतक्याच, मीठ किंवा सोडा न घालता कुकरला अगदी मऊ शिजवावेत. लगेच गाळू नये. चणे पाण्यातच थंड करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. सकाळी गाळून पाणी आटवावं, बलकासारखी तार येईपर्यंत. गार करून त्यातलं १२० ग्रॅम पाणी, पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर आणि २०० ग्रॅम बारीक केलेली साखर घ्यावी. पाणी आधी शिजलेलंच असल्याने ७१ अंशांची भानगड नाही. आधी नुसतं फेटून घट्ट फेस करावा, मग साखर चमच्या-चमच्याने. बलकापेक्षा वेळ जास्त लागतो. हा फेस लोण्याला लवकर दबतो, म्हणून लोणी थोडं अधिक थंड, १६-१७ अंशांवर घालावं. क्रीम अंड्याच्या क्रीमपेक्षा किंचित मऊ होतं. चण्याचा वास कच्च्या फेसाला येतो, व्हॅनिला किंवा कॉफी घातली की जातो. केकवर फुलं काढायची असतील तर अंड्याचंच सरस, नुसतं गुळगुळीत लिंपायचं असेल तर यात काहीच उणं नाही.

स्वादांच्या बाबतीत वऱ्हाड श्रीमंत आहे. वरूड-मोर्शीची संत्री डोळ्यांसमोर येतात, आणि मोह होतो तो रस घालायचा. तो आवरावा. एक तर रस म्हणजे पाणी, दोन चमच्यांनी क्रीम फाटतं. दुसरं, नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा उकळला की त्यातल्या लिमोनिनमुळे कडवट होतो. त्यापेक्षा दोन संत्र्यांच्या सालीचा फक्त नारिंगी भाग बारीक किसणीवर किसावा, पांढरा येऊ देऊ नये. हा कीस साखरेत बोटांनी चोळावा. साखर ओलसर आणि केशरी होते, खोलीभर वास सुटतो. हीच साखर बलकात घालून पुढची कृती करावी. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात आणि तोच वऱ्हाडात बटरक्रीमचा हंगाम. कॉफी हवी असेल तर चिखलदऱ्यात ती पिकते; घट्ट डिकॉक्शन पूर्ण गार करून दोन-तीन चमचे, तेही एकेक करून घालावं.

केक न्यायचा असेल तर तो आदल्या रात्री लिंपून फ्रिजमध्ये ठेवावा. थंड लोणी घट्ट, आणि सबंध केक एक ठोकळा होतो. अमरावती-अकोला रस्ता हल्ली गुळगुळीत आहे. २०२२च्या जूनमध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वरच्या या टप्प्यात ७५ किलोमीटरचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. त्यामुळे धक्क्यांची भीती कमी, भीती डिकीची. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत केक पंधरा मिनिटंही ठेवू नये. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांसह, एसी लावलेल्या गाडीत सीटच्या पायथ्याशी सपाट जागेवर न्यावा. कापण्याआधी मात्र बाहेर काढून ठेवावा, हिवाळ्यात अर्धा-पाऊण तास, मेमध्ये दहा-पंधरा मिनिटं. फ्रिजमधून काढल्या काढल्या खाल्लं तर तो लोण्याचा गोळाच लागतो, आणि दोष कृतीला दिला जातो.

उरलेलं क्रीम हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये चार-पाच दिवस आणि फ्रीजरमध्ये दोन महिने सहज राहतं. वापरायच्या आदल्या रात्री ते खालच्या कप्प्यात आणावं आणि बाहेर काढून मऊ झाल्यावर फेटावं. फाटल्यासारखं दिसेल, फेटत राहावं. आणि ते चार पिवळे बलक? चिमूटभर साखर घालून झाकून ठेवले तर दुसऱ्या दिवशी त्यांचं कस्टर्ड होतं. तेवढा धीर नसेल तर त्याच रात्रीच्या भुर्जीत जाऊ द्यावेत, साखर न घालता.